पुन्हा एकपासून

"मॅडम, फोन इथे माझ्यासमोर आहे हो. दिवा लागलाय, स्क्रीनवर तारीख दिसतेय. मग बाहेरच्या माणसाला तो लागत का नाही?"

नौपाड्यातल्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवरच्या ताई मला हे विचारत होत्या. दुपारी लाइट गेली होती आणि हातातला चहा संपायच्या आत परतही आली होती. फ्रिज घुमायला लागला, कॉम्प्युटर सुरू झाला, राउटरचे दिवे एकेक करून लागले, टेबलावरचा फोनही जागा झाला. पण त्यानंतर जवळजवळ पाऊण तास त्याची घंटा एकदाही वाजली नाही. ताईंनी स्वतःच्या मोबाइलवरून लॅबचा नंबर लावून पाहिला. बराच वेळ कानात काहीच नाही, आणि मग कॉल तुटला. मी महापेला, इंटरनेटवरून टेलिफोन चालवणाऱ्या एका कंपनीत काम करते. ही लॅब आमची ग्राहक. घरी जायची वाट तिथूनच, म्हणून संध्याकाळी डोकावले, तर तोवर फोन आपला आपणच सुरू झालेला. बिघाड आपला आपण बरा झाला, की आमच्या कामात सगळ्यात जास्त जीव टांगणीला लागतो. तो पुन्हा कधी येईल हे कुणालाच माहीत नसतं.

फोन बंद होता त्या वेळात एक आजोबा कळव्याहून रिक्षा करून येऊन गेले होते. रिपोर्ट तयार झाला का, एवढंच विचारायला. 'आधी फोन करा आणि मगच या' असं ताईंनीच त्यांना सकाळी सांगितलं होतं. त्यांनी केला फोन, लागला नाही, पुन्हा केला, लागला नाही. शेवटी निघाले. रिपोर्ट तयार नव्हताच. बाकावर थोडं टेकले, पाणी प्यायले, 'हरकत नाही' म्हणाले आणि कठड्याला धरून जिना उतरले. ताईंनी मला हे दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, फोनकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आल्या आल्या सर्व्हरवरचा त्या दुपारचा ट्रेस उघडला. बाहेर पारसिकच्या डोंगरावर ढग उतरलेले, आत एसीची थंडी, आणि माझ्यासमोर एका फोनचं आणि एका सर्व्हरचं पाऊण तासाचं बोलणं, ओळीखाली ओळ. टेबलावरचा असा फोन मुळात कुठे आहे हे सर्व्हरला माहीत नसतं. फोननेच ते सांगायचं असतं. आमच्या या बोलीला सिप म्हणतात, आणि तिच्यात फोन ठरावीक वेळाने 'रजिस्टर' नावाची विनंती पाठवतो: हा माझा नंबर, या पत्त्यावर मी सापडेन, इतका वेळ हे खरं माना. हा वेळ बहुधा ३६०० सेकंदांचा, म्हणजे एक तासाचा असतो. सर्व्हर आधी ४०१ असं उत्तर देऊन ओळख विचारतो. फोन पासवर्डावरून काढलेला पुरावा जोडून तीच विनंती पुन्हा पाठवतो, आणि मग नोंद होते. तास भरायच्या आत फोनने पुन्हा हजेरी लावायची. अशा प्रत्येक विनंतीवर दोन खुणा असतात. एक कॉल-आयडी, म्हणजे अक्षरांची एक लांबलचक ओळ, आणि दुसरी सी-सीक, म्हणजे साधा चढता क्रमांक. कॉल-आयडी तोच असेल तर क्रमांक दर वेळी एकाने वाढलाच पाहिजे. ओळख विचारल्यावर पुन्हा पाठवलेली विनंतीसुद्धा पुढचा क्रमांक घेते, त्यामुळे एका हजेरीत दोन क्रमांक खर्च होतात.

लॅबचा तो फोन अर्ध्या तासाने हजेरी लावत होता. लाइट जाण्याआधीच्या त्याच्या शेवटच्या विनंतीवर क्रमांक होता १८४६. म्हणजे त्याआधीचे अडीच-तीन आठवडे तो एकदाही न झोपता, एकदाही न चुकता, दर अर्ध्या तासाला 'मी आहे' म्हणत आला होता.

लाइट आल्यावर त्याने पाठवलेल्या विनंतीवर क्रमांक होता १.

सर्व्हरने ४०१ देऊन ओळख विचारली, फोनने क्रमांक २ लावून पुरावा दिला. पुरावा अगदी बरोबर होता. पण कॉल-आयडी जुनाच, आणि त्या कॉल-आयडीखाली सर्व्हरच्या वहीत आधीच १८४६ लिहिलेला. दोन हा त्याहून लहान. सर्व्हरने विनंती नाकारली, ५०० असं उत्तर दिलं. फोन थोडा थांबला, मग ३, मग ४. पुन्हा नकार. स्क्रीनवर मी खाली खाली जात होते आणि तेच चाललेलं: ५, ६, ७, ८. मधल्या वेळात राउटरही नव्याने सुरू झाल्यामुळे लॅबचा इंटरनेटवरचा पत्ता बदललेला, आणि येणारे सगळे कॉल सर्व्हर इमानेइतबारे जुन्या पत्त्यावर पाठवतोय, जिथे आता कुणीच नाही. कळव्याच्या आजोबांचे दोन कॉलही त्यात होते. त्यांचा नंबर मला ठाऊक नव्हता, पण वेळ जुळत होती. शेवटी जुन्या नोंदीचा एक तास संपला, १८४६ पुसला गेला, आणि पुढची विनंती सर्व्हरने लगेच मान्य केली. काहीच घडलं नसल्यासारखी.

ट्रेस वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. इतकं खरं बोलणारं यंत्र आणि इतकं नियमाने वागणारं यंत्र, आणि दोघांच्या मध्ये एक म्हातारा माणूस रिक्षात बसलेला.

मुळात हा क्रमांक हवाच कशाला, हे कुणालाही वाटेल. शेवटची विनंती आली ती खरी, असं का मानू नये? कारण या विनंत्या बहुतेक वेळा यूडीपी नावाच्या साध्या टपालाने जातात, आणि ते टपाल ना पोचण्याची हमी देतं ना क्रमाची. उत्तर आलं नाही तर फोन अर्ध्या सेकंदाने तीच विनंती पुन्हा पाठवतो, मग एक सेकंदाने, मग दोन, मग दर चार सेकंदांनी, आणि ३२ सेकंदांनी नाद सोडतो. पुन्हा पाठवलेल्या या प्रतींवर क्रमांक तोच राहतो, कारण ती विनंती तीच. समजा फोनने 'माझी नोंद काढून टाका' अशी विनंती पाठवली, तिला उत्तर आलंच नाही, ३२ सेकंद गेले, आणि मग त्याने 'मी आहे, नोंद करा' अशी नवी विनंती पाठवली. नवी आधी पोचली. कुठेतरी अडकलेली जुनी तिच्यामागून पोचली. आलेल्या वेळेवर विश्वास ठेवला तर सर्व्हर या जिवंत फोनला पुसून टाकेल. म्हणून पोचण्याच्या वेळेला किंमत नाही, किंमत पाठवणाऱ्याने स्वतः घातलेल्या क्रमांकाला. इंटरनेटचे नियम ज्या कागदांत लिहितात त्यांना आरएफसी म्हणतात; २००२च्या जूनमध्ये निघालेल्या, सिपवरच्या आरएफसी ३२६१ या २६९ पानी दस्तऐवजात हा नियम स्वच्छ लिहिलेला आहे: कॉल-आयडी तोच आणि क्रमांक मोठा नसेल, तर बदल करायचा नाही.

हा नियम मला नवा नव्हता. तो मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून माझ्या ओळखीचा आहे.

बाबा ठाण्यातल्या एका सरकारी कार्यालयात आवक-जावकला होते. शाळेला सुट्टी असली की कधीकधी मी त्यांच्याबरोबर जायची. उंच छत, त्याला लांब दांडीचा पंखा, लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे, डिंकाचा आणि स्टॅम्पच्या शाईचा मिळून येणारा वास. बाबांच्या टेबलावर दोन जाड वह्या. आलेलं प्रत्येक पत्र एकीत, गेलेलं प्रत्येक पत्र दुसरीत. एकदा कुणाच्या तरी बदलीचा आदेश आणि तीच बदली रद्द केल्याचा आदेश, दोन्ही पोस्टाने आले, पण उलटे. रद्दचा आदेश सोमवारी, मूळ आदेश बुधवारी. शेजारच्या टेबलावरचे काका म्हणाले, बुधवारचं शेवटचं, म्हणजे बदली कायम. बाबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, पाठवणाऱ्या कार्यालयाच्या जावक क्रमांकांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "आपल्याकडे केव्हा आलं ते पोस्टमनच्या हातात. तिकडून केव्हा निघालं ते या आकड्यात." ते गृहस्थ बदलीवर गेले नाहीत. त्यांच्या घरून नंतर आमच्याकडे पेढे आले होते. मला त्या दिवशी बाबा फार मोठे वाटले.

जानेवारीतला पहिला कामाचा दिवस त्या टेबलावर निराळा असायचा. जुन्या वह्या कपाटात जायच्या, नव्या यायच्या, कोऱ्या कागदाच्या वासाच्या. पहिल्या पानावर वरती 'श्री', रूळ धरून आखलेल्या रेघा, आणि क्रमांक पुन्हा १. डिसेंबरात तो काही हजारांवर पोचलेला असायचा. मला तेव्हा वाईट वाटायचं, इतकं मोजलेलं सगळं गेलं म्हणून. बाबांनी मला एका पत्राचा कोपरा दाखवला होता: जा.क्र./आस्था/१/८९, म्हणजे आस्थापनेचा जावक क्रमांक. शेवटचा ८९ बघ, म्हणाले. एक नंबर दर वर्षी येतो, पण वर्ष सोबत आहे तोवर त्याला मागच्या वर्षीच्या हजारांशी भांडावं लागत नाही.

लॅबच्या फोनला नेमकं हेच कुणी दिलेलं नव्हतं. त्या कोपऱ्यातल्या वर्षाचं काम सिपमध्ये कॉल-आयडी करतो. आरएफसी म्हणतं की एकदा सुरू झालेल्या फोनने बंद होईपर्यंत एकच कॉल-आयडी वापरावा. यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट 'बंद होईपर्यंत' ही आहे. बंद पडून उठलेला फोन सगळं विसरलेला असतो, आपण १८४६पर्यंत मोजलं होतं हेही. तो एकपासूनच सुरू करणार, दुसरं काय करील? म्हणून उठल्यावर त्याने नवा कॉल-आयडी घ्यावा हे त्यातून निघतं, आणि सर्व्हरने कॉल-आयडी निराळा दिसला की क्रमांक ताडून न बघता नवी माहिती मानावी, हे तर त्या दस्तऐवजात सरळ आहे. विसरणाऱ्याची सोय त्यात केलेली आहे. पण हा फोन बनवणाऱ्यांनी कॉल-आयडी यंत्राच्या कायमच्या हार्डवेअर पत्त्यावरून तयार केला होता. जगात दुसऱ्या कुणाशी तो जुळणार नाही, एवढी काळजी त्यांनी घेतली, आणि त्याच यंत्राच्या मागच्या जन्माशी तो जुळेल हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. मी त्या लोकांवर चिडू शकत नाही. टेबलावर बसून, सलग वीज असलेल्या खोलीत हे लिहिलं असेल, तर ते सुचायला लाइट जावी लागते.

विसरून उठलेल्या यंत्राचं करायचं काय, हा प्रश्न इंटरनेटपेक्षाही जुना आहे, हे मला तेव्हा फार दिलासा देऊन गेलं. ई-मेलच्या पत्त्यात ॲट हे चिन्ह आणणारे रे टॉमलिन्सन यांनी १९७५ साली याच अडचणीवर निबंध लिहिला होता: दोन यंत्रं क्रमांक घालून बोलत असताना एक कोसळलं आणि आकडे विसरून उठलं, तर वाटेत राहिलेली जुनी पॅकेटं आणि नवी पॅकेटं वेगळी कशी ओळखायची. १९८१च्या सप्टेंबरात आलेल्या आरएफसी ७९३मध्ये, म्हणजे टीसीपी या इंटरनेटवरच्या दुसऱ्या एका बोलीच्या जुन्या दस्तऐवजात, गप्प कधी राहायचं यावर चक्क एक वेगळा भाग आहे. ज्याची आठवण गेली त्याने उठल्याबरोबर बोलू नये, दोन मिनिटं थांबावं, तोवर वाटेतलं जुनं सगळं मरून जाईल. एरवी सुरुवातीचा क्रमांक घड्याळावरून काढावा, दर चार मायक्रोसेकंदांना एकाने पुढे जाणारा. सिपच्या दस्तऐवजातही पहिला क्रमांक घड्याळावरून घेण्याची सूचना आहे, पण फोनचं एक दुखणं निराळं आहे. या साध्या फोनांत घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नसते. उठल्यावर त्याला आधी नेटवर्कवरून वेळ विचारावी लागते, आणि पहिली हजेरी त्याच्या आधीच जाते. क्रमांक कायमच्या मेमरीत लिहून ठेवावा, असं आमच्याकडचा एक तरुण मुलगा म्हणाला. अर्ध्या तासाला दोनदा लिहीत राहिलं तर ती मेमरी झिजते, आणि लिहिता लिहिता लाइट गेली तर आणखी गोंधळ. जागेची मात्र अजिबात कमतरता नाही. हा आकडा २,१४,७४,८३,६४८ च्या आत असला की पुरे. लॅबच्या फोनच्या वेगाने तो भरायला ६०,००० वर्षांहून जास्त लागतील. इतकी प्रचंड मोकळी जागा असून त्या आजोबांना लॅबचा फोन लागला नाही, याचं मला राहून राहून वाईट वाटत होतं.

रविवारी कोपरीला बाबांकडे गेले होते. निवृत्तीला बरीच वर्षं झाली. आता ऐकू जरा कमी येतं, पण वर्तमानपत्र अजून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. आई आत वाटण करत होती. मी लॅबची गोष्ट सांगितली, सिप आणि यूडीपी वगैरे काही न म्हणता: एक जण रोज क्रमांक घालून चिठ्ठी पाठवायचा, आजारातून उठल्यावर त्याने पुन्हा एकपासून सुरू केलं, आणि घेणाऱ्याने ती चिठ्ठी जुनी समजून बाजूला ठेवली. बाबांनी चष्मा काढला.

"अगं, पण त्याने वर्ष घातलं नव्हतं का?"

मी नाही म्हणाले. ते काही वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग घेणाऱ्याचं काही चुकलं नाही." थोड्या वेळाने पुन्हा, "पण पाठवणाराही खोटं बोलत नव्हता बिचारा." ही दोन वाक्यं त्यांनी ज्या क्रमाने म्हटली त्यात त्यांची सगळी नोकरी होती. नियम आधी, माणूस लगेच त्याच्यामागे, आणि दोघांपैकी कुणाला सोडून द्यायची तयारी नाही. माझं मात्र तसं नाही. त्या आठवड्यात मी मनाने पूर्णपणे फोनच्या बाजूने होते.

म्हणूनच सोमवारी ऑफिसात जे सुचवलं गेलं त्याला मी विरोध केला, हे माझं मलाच थोडं अवघड गेलं. सर्व्हरमध्ये ही क्रमांकाची तपासणीच काढून टाकू, असं एकाने म्हटलं. काही ओळींचं काम. लॅबचा प्रश्न त्याच दिवशी मिटला असता. पण मग घणसोलीच्या चाळीतल्या, ऐरोलीच्या टॉवरमधल्या, वाशीच्या मार्केटमधल्या गाळ्यांवरच्या आमच्या सगळ्या फोनांसाठी उशिरा पोचलेली प्रत्येक जुनी विनंती खरी ठरली असती. असा बिघाड ट्रेसमध्येही सहज सापडत नाही. कधीतरी, कुणाचातरी फोन काही मिनिटं नाहीसा होतो, एवढंच. पावसाळ्यात, नेटवर्क रखडत असताना, सगळ्यात जास्त. बदली रद्द झालेल्या त्या गृहस्थांसारखं कुणीतरी त्यात सापडणार, आणि त्याला कधी कळणारही नाही की कशात सापडलो. बुधवारी आलेला कागद शेवटचा मानायचा नाही, हे मला पटलेलं आहे.

त्याऐवजी आम्ही लॅबच्या नोंदीची मुदत एक तासावरून पाच मिनिटांवर आणली. मुदत कमी करायचा अधिकार सर्व्हरला असतो. जुनी आठवण लवकर मरते, आणि उठलेल्या फोनला फार तर पाच मिनिटं थांबावं लागतं. सगळ्याच फोनांना असं करता येत नाही, सर्व्हरवरचा भार बारापट वाढेल. ताईंना मी राउटरला आणि फोनला मिळून एक छोटा यूपीएस घ्यायला सांगितलं. त्यांनी तो लगेच आणला आणि काउंटरखाली ठेवला. फोन बनवणाऱ्यांनी काही आठवड्यांनी सुधारलेलं सॉफ्टवेअर दिलं. त्यात कॉल-आयडी दर वेळी सुरू होताना नव्याने तयार होतो. मी ते आधी माझ्या टेबलावर चालवून पाहिलं, वायर काढली, लावली. क्रमांक १, कॉल-आयडी नवा, ४०१, क्रमांक २, आणि २००, म्हणजे मान्य. ती ओळ पाहून मी शेजारच्या मुलाला हाक मारून दाखवली. त्याला त्यात विशेष काही दिसलं नाही.

आता नवं मॉडेल कुठलंही आलं तरी आवाज, बटणं, स्क्रीन हे सगळं नंतर. आधी चालू फोनची वीज तोडायची आणि उठल्यावरची त्याची पहिली विनंती वाचायची. सध्या चाचणीच्या टेबलावर तीन मॉडेलं आहेत. दोन नीट उठतात. तिसऱ्याचा आवाज सगळ्यात स्वच्छ आहे, आकडे मोठे आहेत, किंमतही कमी, दवाखान्यांना आवडेल असं. पण ते जुन्याच कॉल-आयडीने एकपासून सुरू करतं. बनवणाऱ्यांना ट्रेस जोडून लिहिलंय, आरएफसीतल्या १०व्या प्रकरणाकडे बोट दाखवून. उत्तर येईपर्यंत ते लॅबला किंवा दवाखान्याला द्यायचं नाही, असं मी विक्रीच्या लोकांना सांगितलंय, आणि त्यावरून आमचं रोज वाजतंय.